निर्दोषत्वाच्या पलीकडे : ‘द आयलंड’ आणि अन्याय्य कारावासाचे नाट्य

१

अन्याय्य कारावासाविषयी समाजाला जागे करण्याचे काम कलेने अनेकदा अंगावर घेतले आहे. आधुनिक काळातील त्याचे ठळक उदाहरण म्हणून ड्रायफस प्रकरणाकडे पाहिले जाते. फ्रेंच सैन्यातील ज्यू अधिकारी आल्फ्रेद ड्रायफस याला १८९४ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून दोषी ठरवण्यात आले आणि फ्रेंच गियानाच्या किनाऱ्याजवळील ‘डेव्हिल्स आयलंड’ या बेटावर एकांतवासात ठेवण्यात आले. १३ जानेवारी १८९८ रोजी एमिल झोला याचे राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र पॅरिसच्या एका दैनिकात प्रसिद्ध झाले. त्याबद्दल झोलावरच खटला भरला गेला आणि त्याला इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. १८९९ साली जॉर्ज मेलिएस याने याच प्रकरणावर लहान लहान मूकपटांची मालिका तयार केली. त्याच वर्षी ड्रायफसला माफी मिळाली आणि १९०६ साली तो पूर्णपणे निर्दोष ठरला. लेखणीने एका माणसाला बेटावरून परत आणले, असा या प्रकरणाचा अर्थ पुढच्या पिढ्यांनी लावला, आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे.

मात्र या साऱ्या लेखनव्यवहाराच्या आणि कलाव्यवहाराच्या मुळाशी एकच विधान आहे, ते म्हणजे ‘हा माणूस निर्दोष आहे’. या विधानात कायद्याची प्रतिष्ठा गृहीत धरलेली असते. न्यायसंस्था चुकली, पुरावा बनावट निघाला, अधिकाऱ्यांनी लबाडी केली. पण न्यायसंस्था दुरुस्त होऊ शकते आणि व्हावी, असा विश्वास त्यामागे असतो. ज्या कैद्याने त्याच्यावर आरोप असलेले कृत्य खरोखरच केले आहे, आणि जिथे ते कृत्य गुन्हा ठरवणारा कायदाच अन्याय्य आहे, तिथे हा निर्दोषत्वाचा युक्तिवाद लंगडा पडतो. अशा कैद्याची बाजू कलेने कशी मांडावी, हा केवळ राजकीय प्रश्न नाही. तो रूपबंधाचाही प्रश्न आहे. दुसऱ्या एका बेटाविषयी लिहिल्या गेलेल्या, किंबहुना आरंभी न लिहिता केवळ केल्या गेलेल्या, एका नाटकाने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणूनच समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. ते नाटक म्हणजे ॲथॉल फ्यूगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्तशोना या तिघांचे ‘द आयलंड’ (१९७३).

२

केपटाऊनसमोरच्या उपसागरातील रॉबेन बेट हे १९६० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील वर्णविद्वेषी राजवटीचे प्रमुख राजकीय कारागृह बनले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासच्या कायद्याविरुद्ध निदर्शने करणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात ६९ माणसे मेली. कृष्णवर्णीयांनी कोठे राहावे, कोठे काम करावे आणि कोठे किती वेळ थांबावे, हे ठरवणारी ओळखवही म्हणजे हा ‘पास’. तो जवळ नसणे हाच गुन्हा होता. या निदर्शनांची हाक देणारा रॉबर्ट सोबुक्वे तीन वर्षांची शिक्षा भोगून १९६३ साली सुटायचा, तेव्हा त्याला न सोडण्यासाठी संसदेने खास कलम मंजूर केले आणि १९६९ पर्यंत त्याला बेटावर विनाशिक्षा अडकवून ठेवले. १९६४ साली नेल्सन मंडेला आणि त्यांचे सहकारी जन्मठेपेची शिक्षा घेऊन याच बेटावर आले. येथील कैद्यांना चुनखडीच्या खाणीत राबावे लागे.

या बेटावर काय चालते हे देशाला कळू नये, याची व्यवस्था कायद्याने आधीच केलेली होती. १९५९ च्या तुरुंगविषयक कायद्यान्वये तुरुंगाचे वा कैद्याचे छायाचित्र किंवा रेखाचित्र परवानगीवाचून प्रसिद्ध करणे हा गुन्हा होता. तुरुंगातील वागणुकीविषयी खोटा मजकूर छापणेही गुन्हा होते, आणि मजकुराची पुरेशी शहानिशा केली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी छापणाऱ्यावर होती. या तरतुदीची धार १९६५ साली दिसून आली. हॅरोल्ड स्ट्रॅकन या सुटून आलेल्या राजकीय कैद्याची तुरुंगातील हालांविषयीची हकीगत ‘रँड डेली मेल’ या दैनिकाने छापली. स्ट्रॅकनला पुन्हा तुरुंगात जावे लागले. दैनिकाचे संपादक लॉरेन्स गँडार आणि वार्ताहर बेंजामिन पोग्रुंड यांच्यावर दीर्घकाळ खटला चालून १९६९ साली ते दोषी ठरले. वृत्तपत्राला जे साधार, शपथेवर आणि तारीखवार सांगूनही पचले नाही, ते नाटकाला कसे सांगता येणार होते?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या शब्दयोजनेतच दडलेले होते. कायद्याने छायाचित्र हेरले होते, रेखाचित्र हेरले होते, छापील मजकूर हेरला होता. नटाचे शरीर हे या यादीतून निसटणारे माध्यम होते. ते प्रसिद्ध होत नाही, घडते. आणि घडून गेल्यावर जप्त करण्याजोगे काही मागे उरत नाही. ‘द आयलंड’चा रूपबंध या पेचातून जन्माला आला आहे. ग्रोटोव्हस्कीच्या ‘पुअर थिएटर’च्या विचाराचा फ्यूगार्डवर प्रभाव होता हे खरे, तथापि या नाटकातील रिकामा रंगमंच आणि शरीरावर टाकलेली सारी भिस्त केवळ त्या प्रभावाची फलश्रुती मानली, तर ज्या परिस्थितीने हा पर्याय अटळ केला तिचाच विसर पडेल.

३

या नाटकाची पूर्वपीठिका पोर्ट एलिझाबेथजवळच्या न्यू ब्रायटन या कृष्णवर्णीय वस्तीत सापडते. तेथील काही हौशी नटांनी १९६३ साली फ्यूगार्डला गाठले आणि ‘सर्पंट प्लेअर्स’ ही नाट्यसंस्था उभी राहिली. कारखान्यांतून, कचेऱ्यांतून आणि घरकामातून सुटल्यावर ही मंडळी तालमीला जमत. पोलिसांची नजर त्यांच्यावर पहिल्यापासूनच होती. नटांना अटक होणे ही या संस्थेच्या इतिहासातील अपवादात्मक घटना नव्हती. तालमीच्या वेळापत्रकाइतकीच ती नेहमीची बाब होती.

अशाच एका खटल्यातून संस्थेचे ‘द कोट’ (१९६६) हे छोटे नाटक निघाले. नॉर्मन न्तशिंगा या सहकारी नटावर खटला चालू असताना त्याची पत्नी न्यायालयात जात असे. तेथे शिक्षा झालेल्या एका माणसाने अंगातला कोट काढून तिच्या हवाली केला आणि तो आपल्या बायकोला पोचता करायला सांगितले. त्या कोटाचे पुढे काय होईल, भाड्यासाठी तो विकावा लागेल की नवरा परत येईपर्यंत राखून ठेवता येईल, या एवढ्याच प्रश्नाभोवती नटांनी उत्स्फूर्तपणे प्रसंग रचले. प्रयोग गोऱ्या प्रेक्षकांसमोर झाला, तेव्हा पोलिसांच्या धास्तीने नटांनी स्वतःची नावे दिली नाहीत. पूर्वी केलेल्या भूमिकांची नावे घेऊन ते उभे राहिले. तुरुंगाचे थेट दर्शन या नाटकात नाही. तुरुंगात गेलेल्या माणसाने मागे ठेवलेली पोकळी मात्र एका वस्त्रातून मोजली गेली आहे. कारावासाचे हे बाहेरच्या बाजूने घडवलेले दर्शन होते. आतल्या बाजूने ते घडवायला आणखी सात वर्षे जावी लागली.

याच सुमारास, १९६५ साली, संस्थेने सॉफोक्लीजची ‘अँटिगनी’ बसवायला घेतली. तालमी चालू असतानाच हेमनची भूमिका करणारा नट पकडला गेला आणि पुढे त्याची रवानगी रॉबेन बेटावर झाली. बेटावर कैद्यांच्या एका मनोरंजनाच्या कार्यक्रमात तेथे गेलेल्या नटाने आठवणीतल्या संहितेवरून ‘अँटिगनी’चा संक्षेप केला आणि एका सहकैद्याला घेऊन तो सादर केला. राजाज्ञा मोडून भावाचे दफन करणारी आणि त्यापायी जिवंतपणी गुहेत कोंडली जाणारी ग्रीक राजकन्या तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसमोर उभी राहिली, आणि पहारेकऱ्यांना त्यात वावगे काही दिसले नाही. बेटावरच्या कैद्यांना या नाटकाची ओढ होती याला आणखी एक दाखला आहे. तुरुंगात झालेल्या ‘अँटिगनी’च्या एका प्रयोगात आपण क्रेऑनची भूमिका केली होती, असे मंडेला यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. देशातील सर्वांत प्रसिद्ध कैद्याने हुकूमशहाची भूमिका करावी, यातील उपरोध सॉफोक्लीजलाही सुचला नसता.

४

बेटावरच्या त्या प्रयोगाची हकीगत फ्यूगार्डच्या मनात अनेक वर्षे घर करून होती. १९७२ साली केपटाऊनमध्ये ‘द स्पेस’ हे नाट्यगृह सुरू झाले. वंशभेद न पाळता तेथे नट आणि प्रेक्षक एकत्र येऊ शकत. त्या वर्षी फ्यूगार्ड, कानी आणि न्तशोना या तिघांनी पासच्या कायद्यावरचे ‘सिझ्वे बान्झी इज डेड’ तेथे सादर केले. कृष्णवर्णीय माणसाचा व्यवसाय ‘नट’ असू शकतो हे शासनाच्या दप्तराला मान्य नसल्याने कानी आणि न्तशोना यांची नोंद फ्यूगार्डचे घरगडी म्हणून झालेली होती.

‘द आयलंड’ची तालीम एका अंथरलेल्या कापडापासून सुरू झाली, असे फ्यूगार्डने सांगितले आहे. दोन नट त्याभोवती आणि त्यावर वावरत. कापड अर्धे दुमडले जाई, पुन्हा दुमडले जाई, आणि अखेरीस दोन माणसे जेमतेम उभी राहतील एवढीच जागा उरली, तेव्हा ती कोठडी झाली. नेपथ्याची कल्पना आधी आणि नटांची हालचाल नंतर, हा नेहमीचा क्रम येथे उलटला आहे. कोठडी बांधली जात नाही; माणसांचा अवकाश हिरावत हिरावत ती उरते. प्रयोगापूर्वी संहिता लिहून ठेवण्याचे टाळण्यात आले, कारण ती पोलिसांच्या हाती पडली असती. २ जुलै १९७३ रोजी ‘द स्पेस’मध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा नाटकाच्या नावातून बेटसुद्धा वगळलेले होते. ‘डी होडोशे स्पान’, म्हणजे होडोशेची कामकरी टोळी, असे त्याचे नाव होते. होडोशे म्हणजे मढ्यावर घोंघावणारी हिरवी माशी. बेटावरच्या एका क्रूर वॉर्डरला कैद्यांनी हे नाव दिले होते. ज्यांना कळायचे त्यांना ते कळत होते. पुढे लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात प्रयोग झाला तेव्हा ‘द आयलंड’ हे नाव उघडपणे लावता आले, आणि १९७४ साली छापील संहिता तिघांच्या नावाने प्रसिद्ध झाली.

५

नाटकाचे चार प्रवेश आहेत आणि पात्रे दोनच, जॉन आणि विन्स्टन. नटांची स्वतःची नावे पात्रांना दिलेली आहेत. ‘द कोट’मध्ये भूमिकांची नावे पांघरून लपलेले नट येथे स्वतःच्या नावाने उभे राहतात, हा सात वर्षांतला बदल दखल घेण्याजोगा आहे.

नाटक संवादाने सुरू होत नाही. दोघे कैदी वाळू उपसत आहेत. एक जण हातगाडी भरतो आणि दुसरा जिथे खणत असतो तिथे नेऊन ओततो. दुसराही तेच करतो. कामाला अंत नाही, कारण दोघांचे श्रम एकमेकांना रद्द करतात. हा मूकाभिनय बराच काळ चालतो, आणि प्रेक्षक अस्वस्थ होईपर्यंत तो चालवण्यातच त्याचे प्रयोजन आहे. तुरुंगातील छळाचे वर्णन ऐकणारा श्रोता हळहळतो. येथे प्रेक्षकाला हळहळण्याची सोय मिळत नाही. त्याच्या वाट्याला कैद्याचा वेळ येतो. शिक्षा म्हणजे वेदना एवढेच समीकरण मांडले, तर वेदना संपल्यावर अन्यायही संपतो. शिक्षा म्हणजे माणसाच्या आयुष्यातला काळ निरर्थक करून टाकणे, ही जाणीव या आरंभाने नाटकाच्या पायातच घातली आहे.

कोठडीत आल्यावर दोघे जखमा पुसतात, भांडतात आणि रात्र काढण्याचे खेळ खेळतात. काल्पनिक टेलिफोनवरून न्यू ब्रायटनमधल्या मित्रांना हाक मारणे हा त्यांतला एक. एकीकडे कैद्यांच्या कार्यक्रमासाठी ‘अँटिगनी’ची तयारी चाललेली असते. जॉन क्रेऑन होणार आहे आणि विन्स्टनला अँटिगनी व्हायचे आहे. जॉन त्याच्याकडून खटल्याचा प्रसंग घोटून घेतो. अँटिगनीने न्यायासनापुढे काय सांगायचे, यावर विन्स्टन पुनःपुन्हा अडतो. त्याच्या मते तिने गुन्हा नाकबूल करायला हवा. भावाला मूठमाती देण्यात गुन्हा कसला? जॉन वैतागून त्याला समजावतो, की या कोठडीत तुला-मला ती निर्दोष वाटते हे ठीक, पण नाटकात ती गुन्हा कबूल करते.

वरवर पाहता हा विनोदी प्रसंग आहे. नाटकाचा सगळा विचार मात्र येथेच एकवटला आहे. विन्स्टनचा आग्रह म्हणजे झोलाच्या परंपरेतला निर्दोषत्वाचा आग्रह होय. पण विन्स्टन ज्या कृत्यासाठी जन्मठेप भोगतो आहे ते त्याने केलेले आहे. पोलीस ठाण्यासमोर उभे राहून त्याने स्वतःचा पास जाळला आहे. जॉन बंदी घातलेल्या संघटनेचा सभासद होता, हेही खरे आहे. या दोघांची तरफदारी ‘यांनी काही केलेच नाही’ असे म्हणून करता येणार नाही. तसे म्हणणे म्हणजे त्यांच्या कृत्याचा अर्थच पुसून टाकणे होईल. आपण कृत्य केले, कायदा ठाऊक असताना केले आणि म्हणूनच केले, ही अँटिगनीची कबुली अपराधीपणाची कबुली नाही. ती कायद्याला पिंजऱ्यात उभे करते.

या कबुलीला त्या भूमीत जुनी परंपरा होती. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात गांधींच्या नेतृत्वाखाली जमलेल्या भारतीयांनी दोन हजारांहून अधिक नोंदणी-दाखले कढईत टाकून जाळले होते. त्याच वर्षी गांधींनी सॉक्रेटिसच्या न्यायालयातील निवेदनाचा सारांश गुजरातीत लिहिला, आणि १९२२ साली अहमदाबादच्या न्यायालयात राजद्रोहाचा गुन्हा कबूल करून जास्तीत जास्त शिक्षा मागितली. पास जाळणारा विन्स्टन या घटनांचा उल्लेख करत नाही आणि करण्याचे कारणही नाही. पण दाखला जाळणे आणि त्याची शिक्षा मागून घेणे हे या लढ्याचे व्याकरण होते, आणि अँटिगनीची कबुली त्या व्याकरणात चपखल बसते.

ही कबुली विन्स्टनला लगेच पेलत नाही, यात नाटकाची सच्चाई आहे. दोऱ्यांचा टोप आणि बनावट स्तन लावून तो उभा राहतो तेव्हा जॉन पोट धरून हसतो, आणि विन्स्टन भूमिका फेकून देतो. अँटिगनी ही कथेतली बाई, आपण मात्र खरेखुरे भोगतो आहोत, असा त्याचा आक्षेप आहे. कलेने कारावासाविषयी काही सांगावे या कल्पनेवरच घेतलेला हा आक्षेप खुद्द कैद्याच्या तोंडी येतो. यानंतर जॉनला बोलावणे येते आणि त्याची दहा वर्षांची शिक्षा अपिलात तीन वर्षांवर आल्याचे कळते. तीनच महिने उरले आहेत. सुरुवातीचा आनंद ओसरल्यावर विन्स्टन जॉनच्या सुटकेचे तपशीलवार चित्र रंगवू लागतो आणि त्या चित्रातून क्रौर्य पाझरू लागते. आता जॉनला दिवस मोजता येतात. विन्स्टनला मोजण्यासारखे काही नाही. खाणीतल्या एका वृद्ध जन्मठेपीची त्याला आठवण होते. तो म्हातारा दगड इतक्या सुबकपणे फोडतो, की आपण इथे का आलो हेही तो विसरला आहे. आपणही तसेच दगड होऊ, ही विन्स्टनची भीती आहे. आपण पास का जाळला, याचा त्या क्षणी त्याला पश्चात्ताप होतो, आणि तो पश्चात्ताप नाटक लपवत नाही.

प्रचारी कलेने हा प्रसंग गाळला असता. तिला न डगमगणारा वीर हवा असतो. पण पश्चात्तापाच्या तळाशी जाऊन विन्स्टन जेव्हा पुन्हा टोप चढवायला तयार होतो, तेव्हाच त्याची कबुली त्याची स्वतःची होते. शेवटच्या प्रवेशात अँटिगनीचा खटला चालतो, शिक्षा सुनावली जाते आणि अखेरच्या भाषणात विन्स्टन टोप भिरकावून देतो. यापुढचे बोल अँटिगनीचे की विन्स्टनचे, हे सांगता येऊ नये अशी ती जागा आहे. आरंभी ‘गुन्हा नाकबूल’ म्हणणारा कैदी राजकन्येच्या तोंडून आलेली कबुली स्वतःच्या तोंडाने पुरी करतो. लगेच भोंगा वाजतो आणि एकमेकांना जखडलेले दोघे पुन्हा धावू लागतात. सुटका नाही, निकाल नाही.

६

मिथकाच्या आडून राज्यकर्त्यांना लक्ष्य करणारे नाटक मराठी रंगभूमीला अपरिचित नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे पीडित देश आणि भीम म्हणजे जहाल पक्ष, हे नाते प्रेक्षकांनी अचूक ओळखले. सरकारनेही ते ओळखले आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. या दोन नाटकांतला फरक उद्‌बोधक आहे. ‘कीचकवधा’त मिथक हे आवरण आहे, ते दूर सारले की राजकीय अर्थ हाती येतो. ‘द आयलंड’मध्ये आवरण आणि आतला अर्थ असे दोन थर नाहीत. अँटिगनीचा प्रयोग कैद्यांनी प्रत्यक्ष केलेला आहे. ते कैद्यांच्या आयुष्यातले वास्तव आहे. रूपक शोधून काढण्याचे काम प्रेक्षकाला उरत नाही, कारण ते पात्रांनीच केलेले आहे आणि त्यावर त्यांनी वादही घातलेला आहे.

नाटकातल्या नाटकाचा विचार करताना भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील गर्भांकाचीही आठवण होते. निरपराध सीतेला वनात धाडणारा राजाच तेथे प्रेक्षक म्हणून बसलेला आहे. तिचे दुःख रंगभूमीवर पाहून तो मूर्च्छित होतो, आणि त्या दर्शनातून पुनर्मीलनाची वाट निघते. दंड देणाऱ्याला कलेने द्रवता येते, ही श्रद्धा त्या रचनेमागे आहे. ‘द आयलंड’मध्येही दंड देणारे प्रेक्षकांत आहेत. जॉन पडद्यापुढे येऊन तुरुंगाचे अधिकारी, वॉर्डर आणि कैदीबंधू अशा सर्वांना उद्देशून प्रास्ताविक करतो. नाट्यगृहातला प्रेक्षक त्या क्षणी आपोआप तुरुंगातला प्रेक्षक होतो, आणि आपण यांपैकी कोणाच्या खुर्चीत बसलो आहोत हे त्याला स्वतःच ठरवावे लागते. पण येथे कोणी मूर्च्छित होत नाही. अधिकारी नाटक पाहतात आणि कैद्यांना पुन्हा कामावर हाकतात. दंड देणारा कलेने बदलतो असा भ्रम हे नाटक बाळगत नाही. ते उरलेल्या खुर्च्यांशी बोलते.

७

या नाटकावर घेतल्या गेलेल्या आक्षेपांचा विचार केल्यावाचून त्याचे मूल्यमापन पुरे होणार नाही. पहिला आक्षेप असा, की त्याचा प्रेक्षक बव्हंशी गोरा, उदारमतवादी आणि सुखवस्तू होता. लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये त्याचा गौरव झाला. १९७५ साली कानी आणि न्तशोना यांना ‘टोनी’ पारितोषिक विभागून मिळाले. परक्याच्या यातनांवर टाळ्या वाजवून आपले मन हलके करण्याची सोय अशा यशात असते, हे नाकारता येत नाही. दुसरा आक्षेप स्त्रीविषयीचा आहे. सॉफोक्लीजच्या नाटकातील नायिका येथे एका टोपापुरती आणि हशापुरती उरते, आणि अखेरीस तो टोप काढूनच पुरुषाला आपला आवाज सापडतो. पासविरोधी लढ्यात स्त्रिया आघाडीवर होत्या हे ध्यानात घेतले, तर ही उणीव अधिकच बोचते. हा दुसरा आक्षेप बिनतोड आहे, आणि त्याला उत्तर देण्यापेक्षा तो मान्य करणेच योग्य.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र घटनांनीच दिले. १९७६ च्या ऑक्टोबरात ट्रान्सकाय येथे ‘सिझ्वे बान्झी’चा प्रयोग केल्यानंतर कानी आणि न्तशोना यांना अटक झाली. परदेशांतील ज्या नटांनी आणि प्रेक्षकांनी त्यांचे प्रयोग पाहिले होते, ते आता निषेधासाठी रस्त्यावर आले. लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर निदर्शने झाली. काही दिवसांतच दोघांची सुटका झाली. टाळ्या वाजवणारा प्रेक्षक निष्क्रियच असतो असे नाही, हे यातून दिसले. परंतु त्याची मर्यादाही दिसली. ज्यांची नावे ठाऊक होती त्यांच्यासाठी जग धावले. खाणीतल्या बिननावाच्या कैद्यांना मात्र तेथेच राहावे लागले. अन्याय्य कारावासाविषयीची जागृती नेहमीच चेहऱ्याच्या शोधात असते, आणि ज्याला चेहरा मिळत नाही तो तिच्या कक्षेबाहेर राहतो. विन्स्टनची दगड होण्याची भीती नेमकी हीच आहे.

रॉबेन बेटावरचे अखेरचे राजकीय कैदी १९९१ साली सुटले. १९९४ साली मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, १९९७ साली बेटावर संग्रहालय उघडले आणि १९९९ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कानी आणि न्तशोना यांनी उतारवयात हे नाटक पुन्हा उभे केले. २००० साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये त्याचे प्रयोग झाले. न्तशोना २०१८ साली आणि फ्यूगार्ड २०२५ साली निवर्तला. ज्या राजवटीविरुद्ध हे नाटक केले गेले ती संपली, तेव्हा नाटकही दस्तऐवज होऊन संपायला हवे होते. निर्दोषत्व सिद्ध करणाऱ्या कलाकृतीचे तसे होते. ड्रायफस सुटला आणि झोलाच्या पत्राचे कार्य पुरे झाले. ‘द आयलंड’चे तसे झाले नाही, कारण त्याने कोणा एकाच्या सुटकेचा अर्ज केलेलाच नव्हता.

कृत्य केले आणि ते कबूल आहे, असे म्हणणारा कैदी जोवर कोठेतरी न्यायासनापुढे उभा राहतो आहे, तोवर त्याच्या कबुलीतून निघणारा प्रश्न कायद्याच्या अंगावर येत राहणार. त्या कैद्याची दया येणे सोपे आहे, आणि त्याला निष्पाप ठरवणे त्याहूनही सोपे. त्याने जे केले ते त्याचेच राहू देऊन त्याच्या बाजूला उभे राहणे कठीण असते. न्यू ब्रायटनच्या नटांनी दोन माणसांपुरती जागा ठेवून हे कठीण काम केले.